नोंद क्रमांक २१२

सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मावशी चौथ्यांदा जिन्यावरून पडल्या. त्यांच्याबरोबर चौदा प्लेटा, सूपचं एक भांडं आणि दोन ग्लासही खाली आले. मावशींनी चष्मा वर सरकवला, वहीत एक रेघ ओढली आणि पुन्हा जिन्याच्या वरच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना साठ वेळा पडायचं होतं.

हे पडणं पडद्यावरचं. मावशी व्हिडिओ गेम तपासतात. वय त्रेपन्न, कंपनीत चार वर्षं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली दातांचा दवाखाना, वर फरशीच्या दुकानाचं गोदाम. माणसं अकरा, टेबलं नऊ. सगळे त्यांना मावशी म्हणतात, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला मालकसुद्धा. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या होत्या. "मला मावशी म्हणा, हरकत नाही. पण मग भाच्यासारखं ऐकायचंही."

त्याआधी बावीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रूफं तपासली. त्यातही गोष्टी नव्हेत, कविता नव्हेत. गाड्यांची वेळापत्रकं, दरपत्रकं, टेलिफोनच्या याद्या. तिथे एक आकडा चुकला की कुणीतरी पहाटे स्टेशनवर तिष्ठत बसणार. चूक दिसली की खूण करायची, ती दुरुस्त झाली की नाही ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि पुढच्या ओळीवर जायचं. छापखाना बंद पडल्यावर कुणाच्या तरी ओळखीने त्या इथे आल्या. मालकाने त्यांना तासभर एक जुना गेम खेळायला दिला. मावशींनी त्यातल्या सतरा चुका कागदावर लिहून दिल्या. भिंतीवरचं घड्याळ उलटं चालतंय, ही त्यातली अकरावी. ते घड्याळ ज्याने बनवलं होतं त्यालाही दोन वर्षांत हे दिसलं नव्हतं.

ऑफिसातली मुलं चुकीला 'बग' म्हणतात. मावशी चूकच म्हणतात. प्रत्येक चुकीची नोंद तीन ओळींची: मी काय केलं, काय घडायला हवं होतं, काय घडलं. चौथी ओळ नाही, विशेषण नाही. दुरुस्ती झाली की मावशी ती तपासतात आणि नोंद बंद करतात. सध्याच्या गेमच्या सहाशे अकरा नोंदी झाल्या होत्या आणि सगळ्या बंद होत्या. दाराशेजारच्या फळ्यावर रोज सकाळी उघड्या नोंदींचा आकडा लिहितात. तिथे त्या दिवशी शून्य होतं, आणि ते मावशींनी जरा मोठंच काढलं होतं.

गेम साधा होता. सात मजल्यांचं एक हॉटेल. स्वयंपाकघर तळाला, गिऱ्हाइकं गच्चीवर, लिफ्ट बंद. खेळणारा हा वेटर. एका हातावर प्लेटांची चळत घेऊन जिने चढायचे, वळणं घ्यायची, मधे येणारी कुत्री, बॅगा आणि घाईतली पाहुणेमंडळी चुकवायची, आणि अन्न गरम असेपर्यंत वर पोचायचं. दोन वर्षं काम चाललं होतं. येत्या गुरुवारी गेमला पैसे पुरवणाऱ्या प्रकाशक कंपनीची दोन माणसं येणार होती. बाहेरच्या लोकांना ते समोर बसून खेळताना बघणार होते आणि गेम पुढे न्यायचा की इथेच थांबवायचा ते ठरवणार होते. कंपनीकडे दुसरा गेम नव्हता. थांबवला तर अकरा माणसं घरी.

आणि गेम कुणी खेळत नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी सहा अनोळखी लोकांना बोलावून चाचणी घेतली होती. या चाचणीचा नियम कडक असतो. पाहुणा सोफ्यावर, पडदा समोर, आणि मावशी मागे स्टुलावर, हातात घड्याळ घेऊन. बोलायचं नाही. कुणी भिंतीवर डोकं आपटत राहिला तरी दार कुठे आहे ते सांगायचं नाही. पाहुण्याने कंट्रोलर खाली ठेवला की वेळ लिहायची. सहा जणांची सरासरी सहा मिनिटं आली. सगळे फार सभ्यपणे बोलले. "छान आहे. चित्रं सुंदर आहेत."

मालकाने कपाळाला हात लावला होता. "पाहुणा जेवायला बसून ताटाच्या नक्षीची तारीफ करायला लागला, की समजायचं स्वयंपाक फसला."

कोडं हे होतं की चार महिन्यांपूर्वी, भिंतींना धड रंगही नव्हता, हॉटेलातल्या पाहुण्यांना चेहरेसुद्धा नव्हते, तेव्हा हाच गेम लोक अर्धा-अर्धा तास सोडत नव्हते. तेव्हापासून गेममध्ये चारशेच्या आसपास बदल झाले होते. प्रत्येक बदलाने तो अधिक नीट झाला होता. गेमचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या इंजिनिअरचं म्हणणं असं की, लोकांना बक्षीस हवं. त्याने शनिवार-रविवार खपून प्रत्येक मजल्यावर सोन्याची नाणी ठेवली. ती उचलली की 'टिंग' वाजायचं. सोमवारी मावशी नाणी तपासत होत्या. उचलता येतात का, पडलं तर हरवतात का. त्यासाठी त्यांना कठड्यावरून मुद्दाम उडी घ्यावी लागत होती, कारण आता वेटर सहजासहजी पडत नसे.

दुपारी दोन पाहुणे येऊन खेळून गेले. एक कुलपं दुरुस्त करणारा, एक शाळेतली ग्रंथपाल. त्याने पाच मिनिटांनी काढता पाय घेतला, तिने सात. ग्रंथपालबाई जाताना म्हणाल्या, "नाण्यांचा आवाज गोड आहे हं."

"बघा, आवाज आवडला," इंजिनिअर म्हणाला.

"आवडला ना? मग तिला घरी जाऊन घंटी वाजवायला सांग," मालक म्हणाला आणि केबिनमध्ये जाऊन बसला. केबिन म्हणजे कपाटामागची जागा.

मावशी सहा पस्तीसला घरी पोचल्या. घरात तीन माणसं: त्या, पाण्याचे मीटर वाचायची नोकरी करणारा नवरा आणि त्याची थोरली बहीण. नणंदेने चाळीस वर्षं शिवणकाम केलं, डोळे शिणले म्हणून दोन वर्षांपूर्वी मशीन बंद केलं आणि भावाकडे राहायला आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती लॅपटॉपपुढे बसली होती.

हा लॅपटॉप ऑफिसचा. जुनापुराणा, बिजागरी मोडलेली, मागे डबा लावून उभा केलेला. लोकांच्या घरी असलीच खटारा यंत्रं असतात, तेव्हा त्यांवर गेम चालतो का ते मावशींनी घरी बघायचं, असं ठरलं होतं. दर महिन्याला त्यात गेमचं नवं व्हर्जन घालायचं होतं. ते चार महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं, कारण नणंद लॅपटॉप सोडत नव्हती. मावशींच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतली ही एकमेव टाळाटाळ.

"ताई, आज जरा लॅपटॉप द्या. नवीन घालायचंय."

"अगं थांब. पाचवा मजला चालू आहे. आत्ता हात लावलास तर बघ."

"पाचच मिनिटं."

"वहिनी, तू दिवसभर ऑफिसात खेळतेस आणि वर पगार घेतेस. मी घरात बसून फुकट खेळते, ते मात्र तुला खुपतं."

मावशी मागे खुर्ची ओढून बसल्या आणि सवयीने गप्प राहिल्या. नणंदेचा वेटर धावत वळणापर्यंत आला. समोरून एक कुत्रं आलं. वेटर जागच्या जागी थांबला, पण हातावरची चळत थांबली नाही. ती क्षणभर पुढेच गेली, वरच्या तीन प्लेटा झुकल्या. त्यांच्याबरोबर नणंदही खुर्चीत डावीकडे झुकली, खांदा वर गेला, ओठ आत ओढले गेले. वेटर अर्धं पाऊल पुढे सरकला. प्लेटा डुलल्या, डुलल्या आणि जागेवर आल्या.

"हुश्श," नणंद म्हणाली. आपण काही म्हणालो हे तिचं तिलाही कळलं नाही.

मावशींनी घड्याळाकडे बघितलं. पुढच्या दहा मिनिटांत तिने सतरा वेळा 'हुश्श' केलं. दोनदा चळत कोसळली. "माझंच चुकलं, उगाच घाई केली," असं तिने दोन्ही वेळा स्वतःलाच सुनावलं आणि इकडेतिकडे न बघता पुन्हा सुरू केलं.

ऑफिसात हा आवाज आपण शेवटचा कधी ऐकला, ते मावशींना आठवेना. प्लेटा उशिरा थांबतात हे मात्र चांगलं आठवत होतं. फोनवर त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. क्रमांक दोनशे बारा, त्यांच्याच हातची.

मी काय केलं: वेटर धावत असताना थांबवला.
काय घडायला हवं होतं: वेटरबरोबर प्लेटा थांबाव्यात.
काय घडलं: प्लेटा सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा थांबतात.

खाली शेरा: दुरुस्त. तपासलं. बंद. तारीख चार महिन्यांपूर्वीची.

त्यांनी पर्समधला पेन ड्राइव्ह काढला, नवीन व्हर्जन लॅपटॉपमध्ये घातलं आणि तो नणंदेपुढे सरकवला. जुनं पुसलं नाही. "ताई, जरा हे खेळून बघा."

नणंद खेळली. वेटर थांबला की प्लेटा थांबत होत्या, चळत सरळच्या सरळ. तीन मजले झाले, नाणी मिळाली, टिंग-टिंग वाजलं. एकही प्लेट पडली नाही. पाच मिनिटांनी ती उठली आणि ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता.

"काय झालं?"

"कुठे काय? छान आहे. रंग चांगले दिलेत."

"ताई, आपण घरात आहोत. खरं सांगा."

नणंदेने फडकं पिळून दांडीवर टाकलं. "अगं, पडतच नाहीत त्या. मग मी काय सांभाळू? नुसती हमाली झाली ही. माझं जुनं कुठंय? पुसलंस की काय?"

जेवताना नवऱ्याने विचारलं, "गप्प का आज?"

"एक चूक सापडली."

"मग चांगलंच की. तेच तर काम तुझं."

मूग गिळून बसणं सोपं होतं. गेमला काय झालंय ते शोधायला कुणी बंद झालेल्या नोंदी उघडणार नव्हतं, कारण दुरुस्त केलेल्या गोष्टीत कुणी बिघाड शोधत नाही. गुरुवारी गेम थांबला असता आणि सगळ्यांनी नशिबाला बोल लावला असता. आणि सांगितलं तर? दोन वर्षांचं काम ज्या एका कागदामुळे पाण्यात जायला आलं, त्यावर मावशींचं नाव होतं. छापखान्यात त्यांनी कधी बरोबर आकडा चूक म्हणून खोडला नव्हता. इथे खोडला होता.

मंगळवारी त्या आठ पस्तीसला ऑफिसात होत्या, रोजच्यापेक्षा पंचवीस मिनिटं आधी. मालक आणि इंजिनिअर चहा पीत होते. मावशींनी तीन ओळींतच सांगितलं: काय केलं, काय घडायला हवं होतं, काय घडलं. मग लॅपटॉप उघडून ठेवला.

इंजिनिअर जुना वेटर दोन मिनिटं नाचवत राहिला. त्याचा चेहरा उतरला. "ते नीट करायला मला नऊ दिवस लागले होते, मावशी."

"माहीत आहे. रोज सकाळी 'झालं का, झालं का' म्हणून तुझ्या डोक्यावर मीच बसायचे."

"आणि आता म्हणताय की बिघडवून द्या."

"हो."

"आधी एकदा ठरवा ना, माझे आई! मी काय शर्टाची बाही आहे, आत दुमडा, बाहेर दुमडा?"

मालकाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि वळणावर वेटर थांबवला. प्लेटा झुकल्या, मालकही झुकला, चहा मांडीवर सांडला. "हुश्श," तो म्हणाला, आणि चहा सांडल्याचं त्याला त्यानंतर कळलं.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"जुनं ठेवलेलं असतं सगळं," इंजिनिअर म्हणाला. "दहा मिनिटं." आणि मग, "नऊ दिवस आणि दहा मिनिटं."

त्याला अकरा लागली. पण तो पठ्ठ्या असा होता की चूकसुद्धा नीटच करणार. त्याने तीन प्रकार बनवले. प्लेटा सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा थांबणाऱ्या, पाचव्या भागाने, आणि जवळजवळ तिसऱ्या भागाने. दिवसभर मावशी तिन्ही खेळल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या चूक शोधत नव्हत्या, मजा कुठे आहे ते शोधत होत्या, आणि त्यासाठी त्यांच्याकडे तीन ओळींचा साचा नव्हता. संध्याकाळी त्यांनी तोंडीच सांगितलं.

"दहाव्या भागात काही कळतच नाही. प्लेट हलते, पण आपला जीव हलत नाही. तिसऱ्या भागात प्लेटा पडतात आणि यंत्राचा राग येतो. वाटतं, मी बरोबर केलं होतं, यानेच पाडलं. कंट्रोलर आपटावासा वाटतो."

"आणि मधला?"

"मधल्यात पडलं की वाटतं, माझंच चुकलं. आणि पुढच्या वेळी चुकणार नाही असंही वाटतं. आणि पडायच्या आधी एवढासा वेळ मिळतो. तेवढ्यात सांभाळता येतं."

"म्हणजे आधी जो होता तोच."

"तोच. कुणी मुद्दाम केला नव्हता, तरी बरोबर होता." मग त्या म्हणाल्या, "आणि ती नाणी काढ. त्या टिंग-टिंगमध्ये प्लेटांची किणकिण ऐकू येत नाही. झुकायच्या आधी त्या किणकिणतात, त्यावरच तर कान असतो."

इंजिनिअरने नाणी काढली. आपला शनिवार-रविवारही काढला, असं तो म्हणाला, पण फार चिडून नाही.

बुधवारी चार पाहुणे आले. पहिली बाई चपला-बूट दुरुस्त करणारी. तिने सुरुवातीलाच सांगितलं की मला असल्यातलं काही कळत नाही, आणि मी वीस मिनिटंच थांबणार. ती सत्तेचाळीस मिनिटं बसली. "हे शेवटचं" असं तिने चार वेळा जाहीर केलं. तिसऱ्या मजल्यावर चळत कोसळली तेव्हा तिने मोठ्याने हसून वेटरला दोन शिव्या दिल्या, आणि दोन्ही मावशींनी जशाच्या तशा वहीत उतरवल्या. बाकीचे तिघे अडतीस, एक्केचाळीस आणि बावन्न मिनिटं खेळले. चित्रं सुंदर आहेत असं एकही जण म्हणाला नाही. बावन्न मिनिटंवाल्याला भिंतींचा रंग कोणता होता हेसुद्धा सांगता आलं नाही.

गुरुवारी अडीच वाजता प्रकाशक कंपनीची माणसं आली: हातात फाइल असलेली एक बाई आणि एक उंच, न हसणारा गृहस्थ. सोफ्यावर एक नवा पाहुणा खेळायला बसला. मावशी मागे स्टुलावर. फाइलवाली बाई पडद्याकडे बघत होती. उंच गृहस्थ पडद्याकडे बघतच नव्हता, तो खेळणाऱ्याच्या खांद्यांकडे बघत होता. या माणसाला काम येतं, हे मावशींनी तेवढ्यावरून ओळखलं, आणि त्यांची भीती कमी होण्याऐवजी वाढली.

पंचवीस मिनिटांनी त्या गृहस्थाने पाहुण्याला विनंती केली. "जरा मला देता का?" त्याने कंट्रोलर घेतला. पहिल्याच वळणावर त्याच्या सगळ्या प्लेटा पडल्या. दुसऱ्या खेपेला झुकल्या, तो लांबच्या लांब माणूस सोफ्यावर उजवीकडे कलंडला आणि त्याने त्या सांभाळल्या. त्याच्या तोंडून जे निघालं ते मावशींनी वहीत लिहिलं नाही, पण मनात मोजलं. फाइलवाल्या बाईने दोनदा घड्याळ दाखवलं. "हा मजला होऊ दे," तो म्हणाला. तो मजला झाला, मग पुढचाही झाला.

चार वाजून वीस मिनिटांनी कपाटामागून मालक बाहेर आला. "आठ महिने दिलेत," तो म्हणाला. "पूर्ण करून द्यायचाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इंजिनिअरने कप विसळला, ठेवला आणि पुन्हा उचलून विसळला. चित्रं काढणारी मुलगी टेबलावर डोकं टेकवून बसली. मावशींचा जीव भांड्यात पडला. चार दिवस आपण मान ताठ धरून बसलो होतो, हे त्यांना मान दुखायला लागल्यावर कळलं.

मालक त्यांच्याजवळ आला. मावशींनीच विषय काढला. "दोनशे बारा माझी होती. तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत."

"काय बोलू? तुम्ही लिहिलं, याने केलं, मी 'शाब्बास' म्हटलं. तिघांचीही अक्कल एकाच वेळी चरायला गेली होती. आणि परत आणली कुणी?"

"आमच्या ताईंनी."

"त्यांना इथे नोकरी करायची आहे का?"

"त्यांना तुम्ही परवडणार नाही. आणि त्या मला इथेही 'ए वहिनी' म्हणून हाका मारतील."

मावशींनी यंत्रावर नोंद क्रमांक दोनशे बारा पुन्हा उघडली. पहिली आणि तिसरी ओळ तशीच ठेवली. दुसरी खोडून, 'काय घडायला हवं होतं' याच्यापुढे लिहिलं: हेच. मग नोंद बंद केली.

घरी पोचल्यावर बातमी ऐकून नणंद म्हणाली, "म्हणजे माझा लॅपटॉप मला राहिला ना? मग झालं." नवऱ्याने विचारलं की ती सोमवारी सापडलेली चूक दुरुस्त झाली का. मावशी म्हणाल्या, "नाही, ठेवली." त्याने मान डोलावली. त्याला काही कळलं नाही, पण बायको पोटभर जेवत होती, एवढं त्याला पुरलं.

बाकीच्या सहाशे दहा दुरुस्त्यांमध्ये आणखी काय काय दुरुस्त होऊन गेलं असेल, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून मावशींनी मालकाकडून वेळ मागून घेतला आहे. उद्या, शुक्रवारी, सकाळी नऊ वाजता त्या नोंद क्रमांक एक उघडतील. दिवसाला तीस, म्हणजे कामाचे एकवीस दिवस, आणि शेवटच्या दिवशी फक्त दहा.